बोल्ड काही सुटेना!

प्रश्न : मी पंचवटीत राहते, घरूनच डीटीपीची कामं करते. सध्या द्राक्ष बागायतदारांच्या एका गटाची 90 पानी पुस्तिका वर्डमध्ये लावतेय. थॉमसन, सोनाका, शरद ही वाणांची नावं सगळीकडे बोल्ड हवीत म्हणाले, म्हणून कंट्रोल एच दाबून रिप्लेस ऑल मारलं, झकास झालं. पण मग ‘द्राक्षे’चं ‘द्राक्षं’ करायला गेले तर तेही सगळं बोल्ड! वर ‘शरद ऋतू’तला शरदसुद्धा बोल्ड. आता हाताने निस्तरत बसू का?

उत्तर : अहो ताई, हाताने कशाला! लगेच लक्षात आलं असेल तर कंट्रोल झेड, अख्खं रिप्लेस ऑल एका फटक्यात मागे येतं.

झालं काय, तर वाणांच्या वेळी रिप्लेस विथला लावलेला बोल्ड तिथेच चिकटून राहिला. वर्ड बंद करेपर्यंत तो आपणहून जात नाही, चौकटीखाली बारीक अक्षरात दिसत असतो पण तिकडे बघतो कोण. त्या चौकटीत क्लिक करायचं, मोअर दाबायचं आणि खालचं नो फॉरमॅटिंग. क्लिक फाइंड व्हॉटमध्ये राहिलं तर तिथलंच फॉरमॅटिंग जाईल, रिप्लेसचा बोल्ड तसाच, यात मीही फसलोय.

फाइल सेव्ह करून बंद केली असेल तर उलटं करा. वर ‘द्राक्षं’ लिहा, खालची चौकट रिकामी ठेवून फॉरमॅट, फॉन्ट, रेग्युलर. चौकट रिकामी असली तरी फॉरमॅट लावलेला असला की शब्द जागेवर राहतो, फक्त ठसठशीतपणा जातो. पण फॉरमॅट लावायला विसरलात तर पुस्तिकेतली सगळी द्राक्षं गायब! बागायतदार काय म्हणतील ते तुम्हीच बघा. फॉन्टच्या खिडकीत लॅटिन आणि कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स असे दोन कप्पे दिसले तर देवनागरीसाठी दुसरा. हां, शीर्षकांतली ‘द्राक्षं’ही साधी होतील, ती मात्र परत बोल्ड करावी लागतील.

शरदचं म्हणाल तर तिथे रिप्लेस ऑल नकोच, फाइंड नेक्स्ट करत एकेक बघून रिप्लेस. ‘होल वर्ड्स’वर टिक केली तर ‘शरदची’, ‘सोनाकाला’ सुटतात, न केली तर ‘सोनाका’ बोल्ड आणि ‘ला’ साधा. मला विचाराल तर अर्धा बोल्ड परवडला, पण एकदा गटाला विचारून घ्या.