लेखी हुकूम आणा

(टेलिफोन, मोबाइल आणि इंटरनेटविषयी वाचकांच्या प्रश्नांना बेळगावच्या एक निवृत्त दूरसंचार अभियंता उत्तरं देतात.)

प्रश्न : मावशी, मी इलेक्ट्रॉनिक्स अँड कम्युनिकेशनच्या तिसऱ्या वर्षाला आहे, कॉलेज उद्यमबागेत. ट्युनिशियातल्या एका दूरसंचार इंजिनियरबद्दल वाचलं. ते सरकारी इंटरनेट संस्थेचे प्रमुख झाले आणि त्यांनी सेन्सॉरशिपला विरोध केला म्हणे. घरचे मला सरकारी परीक्षा दे म्हणतात. पण सरकारी खुर्चीत बसलेला इंजिनियर खरंच काही करू शकतो का? की वरून फोन आला की बटण दाबायचं, एवढंच? — एक विद्यार्थिनी, अनगोळ

पोरी, तू वाचलंस ते मोएझ शाकशूक यांच्याबद्दल असणार. त्यांच्याविषयी सांगायला मला मनापासून आवडेल, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

२०११ च्या आधी ट्युनिशियातली इंटरनेटची सगळी वाहतूक एकाच सरकारी संस्थेतून जायची. ट्युनिशियन इंटरनेट एजन्सी, स्थापना १९९६. सरकारला नको असलेलं पान उघडलं की पडद्यावर ‘४०४’ यायचं. तू नेटवर्किंग शिकतेस, तुला माहीत असेल, ४०४ म्हणजे पान सापडलं नाही. मनाई असेल तर ४०३ दाखवायचं असतं. म्हणजे पान जागेवर होतं, ते अडवलं होतं, आणि लोकांना मात्र असं पानच नाही म्हणून सांगितलं जात होतं. तिथल्या तरुणांनी त्या न दिसणाऱ्या सेन्सॉरचं नावच ‘अम्मार ४०४’ ठेवलं होतं. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त खुपतं ते हे खोटं. राजकारणी हुकूम देतो, पण यंत्राला खोटं बोलायला शिकवतो तो आपल्यासारखाच कुणीतरी शिकलेला इंजिनियर.

१४ जानेवारी २०११ ला राष्ट्राध्यक्ष बेन अली देश सोडून पळाले आणि काही आठवड्यांतच शाकशूक त्या संस्थेचे प्रमुख झाले. गाळणीची, म्हणजे नको ती पानं अडवणारी, यंत्रं तिथंच होती, ती चालवणारी माणसंही तिथंच. मे महिन्यात सैनिकी न्यायालयानं काही फेसबुक पानं अडवायला सांगितली. संस्थेनं ती अडवली, पण त्या जागी सरळ लिहिलं की सैनिकी न्यायालयाच्या मागणीवरून हे पान अडवलं आहे. ज्याला राग येईल त्याला कुणावर रागवायचं ते तरी कळलं.

त्याच महिन्यात काही वकिलांच्या अर्जावरून दुसऱ्या न्यायालयानं सगळ्या अश्लील साइट बंद करायचा आदेश दिला. इथं शाकशूक अडले. अशा वेळी विरोध करणं किती अवघड असतं ते बघ. ‘तुम्ही घाणीची बाजू घेता का?’ असं कुणीही तोंडावर विचारतं. पण एका कारणासाठी गाळणी चालू ठेवली की उद्या दुसऱ्या कारणासाठी यादीत फक्त एक ओळ वाढवायची असते. यंत्र तेच, माणसं तीच. संस्था अपिलात गेली, एवढी गाळणी करायला आमच्याकडे पैसा आणि साधनं नाहीत असंही तिनं सांगितलं. ऑगस्टमध्ये ती हरली. तरी आणखी वर गेली आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च पातळीवर तो निकाल रद्द होऊन प्रकरण फेरसुनावणीला आलं. एक सरकारी कचेरी, मला सेन्सॉर करायला लावू नका म्हणून कोर्टाच्या पायऱ्या चढते, हे मी तरी दुसरीकडे कुठं पाहिलेलं नाही.

पाश्चात्त्य कंपन्यांनी आपली गाळणीची सॉफ्टवेअर ट्युनिशियात तपासून पाहिली आणि त्याबदल्यात सवलत दिली, हेही शाकशूक यांनी जाहीरपणे सांगितलं. पुढं ते टपाल खात्याचे प्रमुख, मग युनेस्कोत, आणि २०२० मध्ये वाहतूकमंत्री झाले.

आता तुझा खरा प्रश्न, वरून फोन आला की काय करायचं? मी नोकरीला लागले तेव्हा एक्स्चेंजमध्ये मेन फ्रेमवर, म्हणजे तारा जोडायच्या मोठ्या चौकटीवर, शहरातल्या प्रत्येक फोनच्या तारांची जोडी यायची. बिल थकलं की त्या जोडीच्या जागी प्लास्टिकची छोटी खुंटी सरकवायची, की घरातला फोन मुका. दोन बोटांचं काम. म्हणूनच त्याला कागद लागायचा. हिशेब शाखेची सही असलेली यादी आली पाहिजे, खुंटी घातली की रजिस्टरात वेळ आणि घालणाऱ्याची सही झाली पाहिजे. एका संध्याकाळी वरच्या एका कचेरीतून फोन आला, उद्या मोर्चा आहे, अमुक अमुक नंबर आज रात्रीपुरते बंद ठेवा. आमच्या साहेबांनी आवाज न चढवता सांगितलं, “लेखी हुकूम आणा, लगेच करतो.” कागद आला नाही. फोन रात्रभर चालू राहिले.

इंजिनियरच्या हातात असतं ते एवढंच, आणि ते थोडं नाही. तोंडी सांगणाऱ्याला सही करायची वेळ आली की पुष्कळदा तो विचार बदलतो. सही केलीच, तर त्या सहीवर कोर्टात जाता येतं.

आपल्याकडे साइट अडवण्याचे जे २००९ चे नियम आहेत, त्यांत तक्रार आणि कारवाई गुप्त ठेवायची तरतूद आहे. ती मला अजिबात पटत नाही. २०१६ पासून इंटरनेटच्या मानकांत ४५१ हा क्रमांक आहे, कायदेशीर कारणामुळे उपलब्ध नाही असं सांगणारा. तो दाखवायला कसलाही जादा खर्च येत नाही.

परीक्षा जरूर दे. यूपीएससीच्या इंजिनियरिंग सर्व्हिसेस परीक्षेतून भारतीय दूरसंचार सेवेत जाता येतं. आणि सरकारी इंजिनियर काय करू शकतो ते बघायला ट्युनिशियाला जायला नको. सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेचं पहिलं ग्रामीण एक्स्चेंज जुलै १९८६ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, कित्तूरला बसलं. १२८ लाइनचं, एसीवाचून धुळीत आणि उन्हाळ्यात चालणारं. परदेशी एक्स्चेंजना थंड खोली लागायची. आपल्या खेड्यात ती कुठून आणणार, हा विचार सरकारी पगारावरच्या तरुण इंजिनियरांनी केला होता.

प्रश्न : ताई, निपाणीत माझं कापडाचं दुकान आहे, माल कोल्हापूरहून येतो. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात दंगलीनंतर इंटरनेट बंद केलं, तेव्हा तिकडच्या व्यापाऱ्यांचे यूपीआय व्यवहार अडकले. इकडं आमचं सगळं चालू. हे बंद करायचा अधिकार कुणाला असतो? आणि कोगनोळी नाक्याजवळ कधी चालू, कधी बंद असं का होत होतं? — एक व्यापारी, निपाणी

नाक्याचं आधी सांगते. महाराष्ट्र आणि कर्नाटक ही दूरसंचाराची दोन वेगळी सर्कल, म्हणजे सेवाक्षेत्रं. बंदीचा आदेश येतो तेव्हा कंपनी त्या भागातल्या टॉवरवरचा डेटा थांबवते. टॉवरला मात्र राज्याची हद्द कळत नाही. कोगनोळीत उभ्या असलेल्या माणसाचा मोबाइल ज्या टॉवरचा सिग्नल जोरदार त्याला चिकटतो. तो कागलकडचा असला की डेटा बंद, निपाणीकडचा असला की चालू.

अधिकाराचं असं आहे. त्या वेळी इंटरनेट बंद करण्याविषयीचे २०१७ चे नियम लागू होते. त्यांनुसार राज्याच्या गृहसचिवांनी कारणांसह लेखी आदेश द्यायचा. अगदीच अडचण असेल तर सहसचिव दर्जाच्या अधिकृत अधिकाऱ्यानं द्यायचा आणि त्याला २४ तासांत वरून मंजुरी घ्यायची. नंतर आढावा समितीनं तो तपासायचा. पोलीस ठाण्यातून फोन केला आणि टॉवर बंद झाला, असं चालत नाही. १० जानेवारी २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं काश्मीरच्या प्रकरणात, पत्रकार अनुराधा भसीन यांच्या याचिकेवर, दोन गोष्टी ठासून सांगितल्या. बेमुदत बंदी चालणार नाही, आणि आदेश प्रसिद्ध केलाच पाहिजे. इंटरनेटवरून व्यापार करण्यालाही घटनेचं संरक्षण आहे असं त्याच निकालात आहे, म्हणजे तुमच्या दुकानाचा विचार त्यात झालेला आहे. एका आदेशाला १५ दिवसांची मर्यादा त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आली. २०२४ मध्ये नवे नियम आले. त्यांतही कारण, भाग आणि मुदत आदेशात लिहायची आहे.

दंगलीत अफवा थांबवायला काही करूच नये असं मी म्हणणार नाही. पण सगळ्या जिल्ह्याचा डेटा तोडला की अफवेबरोबर ती खोटी आहे हे सांगणारा निरोपही तुटतो, आणि दवाखान्याचं, बँकेचं, परीक्षेच्या फॉर्मचं काम थांबतं. पुन्हा असं झालं तर तुमच्या व्यापारी संघटनेनं माहितीच्या अधिकारात, बंदी घालणाऱ्या राज्याच्या गृहखात्याकडं दोनच गोष्टी मागाव्यात, आदेशाची प्रत आणि आढावा समितीचा निष्कर्ष. अडकलेल्या बिलांची यादी तारखेसह जपून ठेवा.

प्रश्न : अक्का, तुम्ही मागच्या अंकात इंटरनेटच्या स्वातंत्र्यावर लिहिलंत. आमच्या कणकुंबीकडच्या जंगलात रेंजच नाही. नात बारावीला आहे, अभ्यासाचा व्हिडिओ बघायला रस्त्यावर चढावर जाऊन उभी राहते. आम्हाला कसलं स्वातंत्र्य? — एक आजी, खानापूर तालुका

आजी, तुमचं म्हणणं बरोबर आहे आणि मी ते खोडून काढणार नाही. जिथं सिग्नलच पोचत नाही तिथं बंदीचा हुकूम काढायचीही कुणाला गरज पडत नाही.

केरळच्या उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१९ मध्ये, मोबाइलवरच्या निर्बंधांना नकार दिला म्हणून वसतिगृहातून काढलेल्या एका विद्यार्थिनीच्या प्रकरणात, इंटरनेट मिळणं हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला. तो निकाल कर्नाटकावर बंधनकारक नाही, पण अर्जात लिहायला भक्कम आहे. पैसाही आहे. टेलिफोन कंपन्या आपल्या महसुलातला ठरलेला हिस्सा ज्या निधीत भरतात, तो खास खेडोपाडी सेवा पोचावी म्हणूनच आहे. आता त्याला डिजिटल भारत निधी म्हणतात. तुमच्याकडं अडतं ते बहुतेक वेळा वनखात्याच्या परवानगीपाशी. टॉवरला जागा, त्याला वीज, तिथवर केबल, सगळं जंगलातूनच न्यावं लागतं.

तर ग्रामसभेत ठराव करा. त्यात गावाचं नाव, घरं किती, शाळा-कॉलेजला जाणारी मुलं किती, सिग्नल मिळणारी सर्वांत जवळची जागा किती लांब, एवढं लिहा. मराठीत लिहा आणि सोबत कन्नड प्रतही जोडा, म्हणजे भाषेच्या कारणावरून कागद परत यायला नको. एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, एक दूरसंचार विभागाला, एक खासदारांना, आणि प्रत्येकाची पोच घ्या. ठरावाची नक्कल या मासिकाच्या पत्त्यावर पाठवलीत तर कन्नड मसुदा मी करून देते. नातीला सांगा, टॉवरचा प्रश्न सुटेपर्यंत शिक्षकांकडून व्हिडिओ पेन ड्राइव्हवर भरून घे.