टोकियोत एकट्याने रात्री बाहेर पडताना

पहिल्यांदाच एकटा जातोयस, तर शिंजुकू भागातल्या ‘गोल्डन गाई’ या बारच्या वस्तीपासून सुरुवात कर. सहा अरुंद गल्ल्या आणि त्यांत दोनशेच्या आसपास चिमुकले बार. बहुतेक ठिकाणी जेमतेम सहा-आठ खुर्च्या, त्यामुळे कोपराला कोपर लागतंच आणि बोलणं आपोआप सुरू होतं. एकट्या माणसासाठी याहून चांगली जागा मला तरी सापडलेली नाही.

दारावरची पाटी आधी वाच. बऱ्याच बारमध्ये नुसतं बसण्याचेही वेगळे पैसे घेतात, काही फक्त नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठी असतात. दार किलकिलं करून एक बोट वर कर आणि ‘हितोरी देसु’ म्हण, म्हणजे ‘मी एकटाच आहे’. आत गरम ओला रुमाल देतील, तो हात पुसायला. बाटली वाटून पीत असाल तर स्वतःचा ग्लास स्वतः भरू नकोस, शेजाऱ्याचा भर. तो तुझा भरेलच. फोटो विचारूनच काढ. टिप ठेवायची नाही.

शाकाहारी असशील तर जेवूनच जा. साध्या दिसणाऱ्या रश्शातही बहुतेकदा माशाचा अर्क असतो.

आणि हे कळकळीने सांगतो: आजूबाजूच्या काबुकिचो या बार-क्लबांच्या भागात रस्त्यावर गोड बोलून बारमध्ये नेणाऱ्यांच्या मागे अजिबात जाऊ नकोस. पहिल्या खेपेला मी गेलो होतो. दोन बिअरचं बिल बघून हातपाय गार पडले होते.

शेवटची ट्रेन मध्यरात्रीच्या सुमारास जाते, मग थेट पहाटे. हॉटेलचा पत्ता जपानीत लिहून खिशात ठेव, टॅक्सीवाल्याला दाखवता येईल.