वाचकांचे प्रश्न : केनियाचं जंगल, मोंबासाचा किल्ला आणि समुद्र

प्रश्न : ताडोबा, पेंच बरंच पाहून झालं. आता दहा-अकरा दिवस केनियाला जायचं म्हणतो. मुलं 11 आणि 14 वर्षांची आहेत. टूर कंपनीने चार जंगलं आणि शेवटी समुद्र असा कार्यक्रम दिला आहे. तो जमेल का? उन्हाळ्याच्या सुट्टीत, मे महिन्यात गेलं तर चालेल?
— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : मे टाळाच. मार्च ते मे हा तिकडचा मोठा पाऊस. मसाई मारा या तिथल्या अभयारण्यात बऱ्याच भागांत आपल्या कपाशीच्या वावरासारखी काळी माती आहे. ती भिजली की चाकं रुततात, आणि अर्धा दिवस गाडी ओढून काढण्यात जातो.

शेजारच्या टांझानियातल्या सेरेंगेटीतून येणारे विल्डबीस्टचे (गवत खाणाऱ्या मोठ्या हरणांचे) कळप साधारण जुलै ते ऑक्टोबर मारात असतात. नदी ओलांडताना ते पाहायचे तर ऑगस्ट-सप्टेंबर उत्तम. ताडोब्याचा कोअर तेव्हा बंदच असतो. अडचण किनाऱ्यावर आहे. त्या महिन्यांत ‘कुसी’ हा दक्षिणेकडचा वारा जोरात असतो, समुद्र खवळलेला आणि पाणी गढूळ. जंगल आणि समुद्र दोन्ही हवेत, तर दसऱ्याच्या आसपास जा. कळप बहुधा अजून मारात असतात आणि वारा ओसरू लागलेला असतो. दिवाळी नोव्हेंबरात आली तर छोटा पाऊस गाठतो.

चार जंगलं मात्र फार झाली. नैरोबीहून मारा गाडीने साडेपाच-सहा तास आहे, आणि जंगल बदललं की दरवेळी एक दिवस रस्त्यावर जातो. मुलं तिसऱ्या दिवशीच कंटाळतील. दोनच जंगलं घ्या : मारात तीन रात्री आणि त्सावो ईस्टला दोन. मारा ते त्सावो एका दिवसात करू नका, मध्ये नैरोबीला मुक्काम ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळची मोंबासाची रेल्वे वोई स्टेशनला थांबते, तिथून त्सावो जवळ आहे. दुपारची एक्सप्रेस वोईला थांबत नाही, त्यामुळे तिकीट काढताना गाडी नीट पाहा. लाल मातीत लोळून तांबडे झालेले हत्ती त्सावोतच दिसतील. पुढे समुद्रकाठी मोंबासा किंवा डियानीला तीन रात्री.

मारातल्या खर्चाचं गणित आधी समजून घ्या. परदेशी प्रौढाला प्रवेश शुल्क जुलै ते डिसेंबर दिवसाला 200 डॉलर आहे, जानेवारी ते जून 100. तिकीट सकाळी 6 ते संध्याकाळी 6 एवढंच चालतं. मुक्काम गेटबाहेर असेल आणि तुम्ही दुपारी चारला पोचणार असाल, तर त्या दिवशी आत जाऊ नका. दोन तासांसाठी पूर्ण तिकीट जातं. दरात हे शुल्क धरलं आहे का, ते कंपनीकडून लेखी घ्या. छत उघडणारी लँड क्रूझर मागा आणि प्रत्येकाला खिडकी मिळेल असं ठरवून घ्या.

इतिहासाला एक पूर्ण दिवस द्या, मुलांसाठी तर नक्कीच. मोंबासाचा फोर्ट जीझस पोर्तुगीजांनी 1593 मध्ये बांधायला घेतला. त्याचा आराखडा करणारा इटालियन स्थापत्यकार जोवान्नी बात्तिस्ता कायराती गोव्याच्या पोर्तुगीज सत्तेच्या चाकरीत होता. 1698 मध्ये जवळजवळ तीन वर्षांच्या वेढ्यानंतर किल्ला ओमानच्या अरबांनी घेतला. कोरलच्या दगडाचा असल्यामुळे दुपारी तापतो, म्हणून सकाळीच जा. वोईच्या वाटेवर मुलांना जुन्या युगांडा रेल्वेबद्दल सांगा. 1896 ते 1901 या काळात ती बांधायला ब्रिटिश हिंदुस्थानातून सुमारे 32,000 मजूर नेले गेले आणि अडीच हजारांच्या आसपास तिथेच मेले. 1898 मध्ये त्सावो नदीच्या पुलावर दोन सिंहांनी मजूर मारले, त्या गोष्टीची जागाही हीच. सिंहांची गोष्ट सगळे सांगतात, मजुरांची फारशी कोणी सांगत नाही.

घेडी या जुन्या स्वाहिली शहराचे अवशेष पाहायचे असतील तर मुक्काम डियानीऐवजी घेडीजवळच्या वाटामूला करा. डियानी मोंबासाच्या दक्षिणेला, घेडी उत्तरेला. जाऊन-येऊन दिवस गाडीतच संपेल.

प्रश्न : पिवळ्या तापाची लस खरंच लागते का?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : हो, आणि ती निघण्याच्या किमान 10 दिवस आधी. प्रमाणपत्र दहाव्या दिवसापासून लागू होतं आणि आयुष्यभर चालतं. ते नसेल तर परतल्यावर विमानतळावर 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस फक्त सरकारमान्य केंद्रात मिळते, आणि तिथे ठरावीक वारीच देतात. म्हणून दीड महिना आधी चौकशी करा. अंड्याची तीव्र ॲलर्जी, गरोदरपण किंवा साठीच्या पुढचं वय असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. मलेरियाच्या गोळ्या वेगळ्या. तिथे क्लोरोक्विन चालत नाही. डॉक्सिसायक्लिन दिलं तर परतल्यावरही चार आठवडे घ्यावं लागतं, आणि बहुतेक लोक ते इथेच सोडतात. परतल्यावर ताप आला तर डॉक्टरांना आधी आफ्रिकेचं नाव सांगा.

प्रश्न : सामान काय न्यावं?
— एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर : काळे आणि गडद निळे कपडे नकोत, त्सेत्से माशी त्या रंगांकडे येते. मारा उंचावर आहे. पहाटेसाठी जाड स्वेटर लागतोच. छोट्या विमानाने जाणार असाल तर हातातली बॅग धरून बहुधा 15 किलोची मर्यादा असते आणि बॅग मऊ लागते, चाकांची कडक सूटकेस घेत नाहीत. आपला प्लग तिथे बसत नाही, तीन चौकोनी पिनांचा ॲडॉप्टर न्या. केनियात प्लास्टिकच्या पिशव्यांवर 2017 पासून बंदी आहे, म्हणून चिवडा-शंकरपाळे स्टीलच्या डब्यात भरा आणि पाण्याची स्वतःची बाटली ठेवा. कॅमेऱ्याला टेकू म्हणून रिकामी कापडी पिशवी न्या आणि तिथे तांदूळ घेऊन भरा.