येशू परत येण्याआधी जे वारले, त्यांचं काय होतं?

तुमचा प्रश्न मला असा समजला: ऑफिसातल्या ख्रिस्ती सहकारी बाईंचे वडील वारले. तुम्ही भेटायला गेलात, तेव्हा त्या म्हणाल्या, "प्रभू येईल तेव्हा बाबा उठतील." हे मनाचं समाधान आहे की त्या खरंच तसं मानतात, आणि तोवर वडील कुठे असतात, हे तुम्हाला जाणून घ्यायचं आहे.

मी मराठी मंडळीत, म्हणजे मराठी चर्चमध्ये, लहानाचा मोठा झालो आणि माझाही विश्वास तोच आहे. त्या खरंच तसं मानतात, अगदी शब्दशः.

हाच प्रश्न जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी थेस्सलनीका शहरात पडला होता, म्हणजे आजच्या ग्रीसमधल्या थेस्सलोनिकीत. येशूचा प्रेषित पौल याने तिथे मंडळी सुरू केली, पण थोड्याच काळात दंगा झाला आणि त्याला रातोरात शहर सोडावं लागलं. ज्याच्या घरी तो उतरला होता त्या यासोनाकडून अधिकाऱ्यांनी जामीन घेतला. मागे राहिलेले विश्वासणारे अगदी नवे होते. येशू लवकरच येणार, या आशेवर ते दिवस काढत होते, आणि तेवढ्यात त्यांच्यातली काही माणसं वारली. मग धास्ती बसली: आता ही माणसं त्या दिवसाला मुकली का? पौलाचा सहकारी तीमथ्य तिथली खबर घेऊन आला आणि पौलाने बहुधा करिंथहून, इ.स. ५०-५१च्या सुमारास पत्र लिहिलं. त्याच्या उपलब्ध पत्रांपैकी बहुतेक अभ्यासक हेच सर्वांत जुनं मानतात. त्या थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायातली १३ ते १८ ही वचनं आमच्याकडे दफनविधीत हमखास वाचली जातात.

पौलाचं उत्तर सरळ आहे. येशू मेला आणि उठला, म्हणून त्याच्यात मेलेलेही उठतील. तो येईल तेव्हा आपण जिवंत असलो तरी त्यांच्या पुढे जाणार नाही. आधी ते उठतील, मग आपण त्यांच्याबरोबर प्रभूला भेटायला वर घेतले जाऊ आणि कायम त्याच्याजवळ राहू. मला यातलं 'त्यांच्याबरोबर' सगळ्यात मोलाचं वाटतं. थेस्सलनीकाकरांना काळजी होती ताटातुटीची, आणि पौल उत्तर देतो ते तिलाच.

हे वर जाणं म्हणजे पृथ्वी सोडून पळणं, असं काही जण शिकवतात. विश्वासणाऱ्यांना आधी गुपचूप उचललं जाईल, ही शिकवण एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी या धर्मोपदेशकामुळे पसरली. मला ती पटत नाही. चौथ्या शतकातला धर्मोपदेशक योहान ख्रिसोस्तोम याने या वचनांचा अर्थ लावताना राजाच्या आगमनाचा दाखला दिला आहे: राजा येतो तेव्हा मानाची माणसं वेशीबाहेर सामोरी जातात. सामोरं जातात ते त्याला घेऊन परत यायलाच.

आणि उठतं ते शरीर. नुसता आत्मा नव्हे, आणि पुनर्जन्मही नव्हे. तीच व्यक्ती, पण पुन्हा न मरणारी. मग दहन केलं तर? इ.स. १७७मध्ये आजच्या फ्रान्समधल्या ल्यों इथे ख्रिस्ती हुतात्म्यांची प्रेतं जाळून राख रोन नदीत टाकली होती, ती यांचं पुनरुत्थान, म्हणजे मेलेल्यांतून उठणं, होऊच नये म्हणून. मंडळीची आशा त्याने तसूभरही हलली नाही. ज्याने शून्यातून निर्माण केलं त्याला राखेची काय अडचण? कॅथलिक चर्चनेही १९६३मध्ये दहनाला मुभा दिली.

तोवर ते कुठे असतात, यावर आमच्यात एकमत नाही. कॅथलिक लोक शुद्धीकरणाची अवस्था मानतात, मृतांसाठी प्रार्थना करतात आणि २ नोव्हेंबरला कबरींवर फुलं, मेणबत्त्या लावतात. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट म्हणतात, पुनरुत्थानापर्यंत गाढ झोप. आम्ही बहुतेक प्रॉटेस्टंट मानतो की ते आत्ताच ख्रिस्ताजवळ आहेत. शेजारच्या वधस्तंभावरच्या चोराला येशूने 'आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील' असा शब्द दिला होता. पण शेवटचा मुक्काम पुनरुत्थान, हे सगळेच मानतात.

एक गैरसमज मात्र आमच्याच लोकांत आहे: आशा आहे, तर रडायचं कशाला. माझ्या आईच्या दफनाला पेटी खाली सोडताना एक दोर तिच्याखाली अडकला. मामा खड्ड्याच्या कडेला वाकून तो सोडवत होते. मी हातात माती घेऊन उभा होतो आणि मला रडू आवरेना. मागून कुणीतरी म्हणालं, "विश्वासणाऱ्याने असं रडू नये." पौल असं कुठेच म्हणत नाही. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका, एवढंच तो म्हणतो. मेलेल्या मित्राला, लाजराला, आता उठवायचंय हे ठाऊक असूनही येशू बेथानीत रडला.

तेव्हा त्या बाईंकडे पुन्हा जाल तेव्हा "देवाची मर्जी" वगैरे बोलायची गरज नाही. वडिलांबद्दल विचारा, त्यांना बोलू द्या. घरी प्रार्थना ठेवली असेल तर नक्की जा. ख्रिस्ती नसलात तरी मागे शांत बसलेलं चालतं. आणि त्या पुन्हा "बाबा उठतील" म्हणाल्या, तर विषय बदलू नका.