मुलगी ‘नको’ म्हणते, ते आधी ऐकून घ्या

प्रश्न : माझी मुलगी १४ वर्षांची आहे. तिला गणिताचं वेड आहे, एकेका गणितावर तीन-तीन दिवस बसते. दूरच्या एका निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेत तिची निवड झाली आहे. १५ दिवसांत होकार कळवायचा आहे, पण ती ‘नको’ म्हणते. या वयात काय कळतं? तिथे गणिताला जास्त वेळ मिळेल, घरी राहिली तर तिची बुद्धी वाया जाईल. तिला कसं पटवावं?

उत्तर : तुमचं तीन पानी पत्र दोनदा वाचलं. शाळेची इमारत, प्रयोगशाळा, गेल्या वर्षीचे निकाल, सगळं त्यात आहे. मुलीचा मात्र एकच शब्द आहे, ‘नको’, आणि तोही तुम्ही पुढच्याच वाक्यात खोडून टाकला आहे. तिला कसं पटवावं हे मी सांगणार नाही. ती नको का म्हणते, हे तुम्ही तिला विचारलंत का?

कारणं वेगवेगळी असतात. अनोळखी मुलींबरोबर एका खोलीत राहायची धास्ती असेल, तर तिथे दोन-तीन दिवस राहून आल्यावर ती बरीच ओसरते. इथली एखादी मैत्रीण किंवा आवडते शिक्षक सुटणार असतील, तर ते नुकसान खरं आहे, त्याची भरपाई कशी होणार ते बोलावं लागेल. आणि ‘तिथे मला माझ्यासारखं गणित करू देणार नाहीत’ असं ती म्हणाली, तर तिला तुमच्यापेक्षा जास्त कळतं असं समजा.

‘वाया जाईल’ हा शब्दही घरात पुन्हा काढू नका. तो ऐकून वसतिगृहात गेलेल्या मुलीला परत येणं म्हणजे हरणं वाटतं. मग झोप उडाली, जेवण जाईना, वर्गात काही कळेना, तरी ती फोनवर ‘सगळं छान आहे’ एवढंच सांगते. आई-वडिलांना कळेपर्यंत अर्धं वर्ष गेलेलं असतं.

निवासी शाळेत गणिताला जास्त वेळ मिळतो, हा तुमचा मोठा गैरसमज आहे. वेळ मिळतो तो अभ्यासाला, आणि तो तुकड्यातुकड्यांनी. उठण्यापासून दिवे मालवण्यापर्यंत दिवस घंटेवर चालतो, संध्याकाळचा अभ्यासाचा तासही देखरेखीखाली. त्यात गृहपाठ होतो, चाचणीची तयारी होते. तुमची मुलगी मात्र एका गणितावर तीन दिवस घालवते. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडमध्ये, म्हणजे शालेय मुलांच्या जागतिक गणित स्पर्धेतही, एका दिवशी तीन प्रश्न असतात आणि त्यांना साडेचार तास देतात, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी दीड तास. प्रश्नही बीजगणित, भूमिती, संख्या सिद्धांत (पूर्ण संख्यांचे गुणधर्म) आणि मोजणीच्या गणिताचे असतात, कलनशास्त्र (कॅल्क्युलस) लागत नाही. तेव्हा ‘आमच्याकडे दोन वर्षं पुढचा अभ्यासक्रम शिकवतात’ या जाहिरातीला भुलू नका. पुढचा धडा लवकर शिकणं वेगळं आणि अवघड प्रश्नाशी झुंजत राहणं वेगळं. (स्पर्धा आणि प्रवेश परीक्षा घरी राहूनही देता येतात. त्यांची माहिती तुम्हाला आहेच.)

चांगली निवासी शाळा एक गोष्ट नक्की देते : जोडीदार. रात्री जेवताना ‘तुझं कुठे अडलं?’ असं विचारणारी चार मुलं. मॉस्कोत १९६३ साली कोल्मोगोरोव या थोर गणितज्ञाच्या पुढाकाराने निवासी शाळा निघाली, ती मोठ्या शहरांबाहेरच्या मुलांसाठी. पुढच्याच वर्षी गेलफांद या दुसऱ्या गणितज्ञाने त्याच शहरात पत्राद्वारे चालणारी गणितशाळा काढली. मुलं घरी बसून प्रश्न सोडवायची, उत्तरं टपालाने पाठवायची, विद्यापीठातले विद्यार्थी ती तपासून शेरे लिहून परत धाडायचे. घरी राहून शिकायची ही दुसरी वाट तुमच्या पत्रात कुठेच नाही. आणि कोल्मोगोरोवची निवासी शाळा घेत होती शेवटच्या इयत्तांतली मुलं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात १९८० मध्ये सुरू झालेली विज्ञान-गणिताची निवासी शाळाही अकरावी-बारावीचीच. १४ व्या वर्षी ‘नको’ म्हणणारी मुलगी १६ व्या वर्षी आपणहून ‘जाते’ म्हणू शकते.

तरीही शाळा पाहून या, दोघं मिळून. एक रविवार धरून तीन दिवस तिला तिथे राहू द्या. सजवलेलं माहितीपत्रक बाजूला ठेवून कुठल्याही साध्या मंगळवारचं वेळापत्रक मागा आणि त्यात कुणी न वाटून दिलेले तास मोजा. दीड तास सलग सापडला नाही, तर विषय तिथेच संपला. तिथल्या शिक्षकांना विचारा की नववीची मुलगी अकरावीच्या गणिताच्या तासाला बसू शकते का, आणि मुलांच्या लेखी सिद्धता कोण तपासतं. नुसतं उत्तर बरोबर की चूक एवढंच बघत असतील, तर तिच्या कामाचं नाही. पहिल्या नंबरच्या मुलीशी शाळाच गाठ घालून देईल, तुम्ही मधल्या नंबरच्या मुलीशी बोला. वर्षाच्या मध्यात परत यावं लागलं तर भरलेल्या शुल्काचं काय आणि जुन्या शाळेत जागा राहील का, हे लेखी घ्या.

ती गेलीच, तर पहिल्या सत्राअखेरची एक तारीख आत्ताच ठरवा : राहायचं की परतायचं हे त्या दिवशी ती सांगेल आणि तुम्ही मान्य कराल. इथे पहिली येणारी मुलगी तिथे विसावी येईल, हेही तिला आधी सांगा. न सांगितल्यास नंबर टिकवायला मुलं शंका विचारायची थांबतात आणि उत्तरं पाठ करू लागतात. फोनवर गुण विचारू नका, या आठवड्यात कोणतं गणित सुटलं नाही ते विचारा.

ती घरीच राहिली, तर आठवड्याला एक प्रश्न पुरे. ऑलिम्पियाडचे १९५९ पासूनचे प्रश्न अधिकृत संकेतस्थळावर फुकट आहेत, पण ते कठीण आहेत; सुरुवात देशपातळीवरच्या ऑलिम्पियाडच्या पहिल्या फेरीच्या प्रश्नांपासून करावी. तिने पूर्ण उत्तर कागदावर वाक्यांत लिहावं आणि ते वाचून चुका दाखवणारं कुणीतरी हवं : महाविद्यालयातले प्राध्यापक किंवा गणिताची पदवी करणारी एखादी विद्यार्थिनी, पंधरा दिवसांतून एकदा तासभर. असा माणूस शोधणं हे तुमचं काम. पटवण्यात जाणारी शक्ती तिकडे लावा.

१५ दिवसांची मुदत वाढवून मिळते का, ते शाळेला आजच विचारा. जागा सोडायची ठरली तर लेखी कळवा, आणि अकरावीला नव्याने प्रवेश देतात का, त्यासाठी परीक्षा कधी असते, हेही त्याच पत्रात विचारून घ्या.