मांजरांचं बेट: आओशिमा सोडा, आयनोशिमा धरा

प्रश्न थोडक्यात असा आहे: एप्रिलच्या मध्यात दहा दिवस जपान, टोकियो-क्योतो-हिरोशिमा ठरलेलं, बरोबर नऊ वर्षांची मांजरवेडी मुलगी आणि सत्तरीच्या सासूबाई. व्हिडिओत पाहिलेलं आओशिमा बेट हिरोशिमाहून एका दिवसात होईल का?

होत नाही. आणि होत असतं तरी आता तिथे जाऊ नका असंच सांगेन. तुमच्या मार्गाला फुकुओकाजवळचं आयनोशिमा सोयीचं आहे.

आधी आओशिमाचं बघू. हे बेट शिकोकू या मोठ्या बेटाच्या एहिमे प्रांतात, ओझू शहराच्या हद्दीत येतं. बोट नागाहामा बंदरातून सुटते, 35 मिनिटं लागतात. दिवसाला दोनच फेऱ्या, सकाळी 8 ची आणि दुपारी अडीचची. बोटीत 34 माणसं बसतात, आरक्षण नाही, आणि जागा कमी पडली तर आधी बेटावरच्या माणसांना. दुपारच्या बोटीने गेलात तर तीच बोट तुम्हाला थोड्या वेळात परत घेऊन येते, म्हणून नीट बघायचं तर सकाळचीच धरावी लागते. ती धरायची तर आदल्या रात्री मात्सुयामात किंवा ओझूत मुक्काम आला. हिरोशिमाहून मात्सुयामाला वेगवान बोटीने सव्वा तास, तिथून पुढे लोकल. या लोकलमध्ये बरेच जण फसतात: योसान मार्गाला पुढे दोन फाटे फुटतात. एक्स्प्रेस गाड्या उचिकोवरून आतल्या बाजूने जातात आणि इयो-नागाहामा स्टेशन समुद्राकाठच्या जुन्या फाट्यावर आहे. रेल्वे पास हातात आहे म्हणून समोर आलेल्या एक्स्प्रेसमध्ये चढलात की बोट गेली.

एवढं करून बंदरावर पोचल्यावर वारा असला तर फेरी रद्द. लहान बोट आहे, लाटा थोड्या वाढल्या तरी सोडत नाहीत. सकाळच्या बोटीने गेलात आणि दुपारची रद्द झाली तर आणखी कठीण, कारण बेटावर दुकान, खानावळ, राहायची सोय काही म्हणजे काही नाही. साधं पेयांचं मशीनही नाही, आणि जपानमध्ये ते नसणं म्हणजे बघा.

मुख्य कारण मात्र वेगळं. तुम्ही पाहिलेले व्हिडिओ जुने आहेत. मांजरं 200 च्या वर गेली तेव्हा 2018 मध्ये सगळ्यांची सरसकट नसबंदी झाली. त्यानंतर पिल्लं नाहीत, म्हणजे तिथलं सगळ्यात लहान मांजरही आता प्रौढ. संख्या 100 च्या खाली आली आहे, बरीच मांजरं म्हातारी, काही आजारी. माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, तीही वृद्ध. पर्यटक आले की या माणसांचा दिवस त्यांच्यातच जातो. नऊ वर्षांच्या मुलीला हे दाखवायला दीड-दोन दिवस मोडावेत असं मला वाटत नाही.

आता आयनोशिमा. हिरोशिमा ते हाकाता (फुकुओकाचं मुख्य स्टेशन) शिनकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, साधारण सव्वा तास. जपान रेल पास असेल तर 'साकुरा' गाडी पकडा. 'नोझोमी' आणि 'मिझुहो'ला पासवर वेगळे पैसे भरावे लागतात. हाकाताहून कागोशिमा मार्गाची लोकल किंवा जलद गाडी घेऊन फुक्कोदाइमाए स्टेशनला उतरा, पंधरा-वीस मिनिटांचा प्रवास. तिथून शिंगू गावाची 'मारिंक्स' नावाची छोटी बस बंदरापर्यंत जाते. बसच्या वेळा बोटीशी बऱ्यापैकी जुळवलेल्या आहेत, पण बस चुकली तर टॅक्सीच करा, पुढच्या बससाठी थांबलात तर बोट हमखास जाते. बोटीला 17 मिनिटं लागतात, दिवसाला पाच-सहा फेऱ्या आहेत. तिकिटासाठी रोख येन जवळ ठेवा. सासूबाईंना झेपेल असा हा सगळ्यात सोपा मार्ग आहे. हाकाताला राहिलात तर अर्ध्या दिवसात होतो, हिरोशिमाहून येऊन-जाऊन पूर्ण दिवस धरा.

इथे एक मोठी चूक होते. आयनोशिमा नावाची मांजरबेटं दोन आहेत! दुसरं कोकुराजवळ, किताक्यूशू शहराच्या हद्दीत. उच्चार एकच, पहिलं अक्षर वेगळं. तसंच आओशिमा नावाचं एक प्रसिद्ध पर्यटनस्थळ मियाझाकीला आहे, तिथे देऊळ आहे, मांजरांचं बेट नाही. नकाशात बेटाचं नाव टाकू नका, 'शिंगू बंदर, फुकुओका' असं टाका आणि बंदराच्या जपानी नावाचा स्क्रीनशॉट टॅक्सीवाल्यासाठी फोनमध्ये ठेवा.

उतरल्या उतरल्या धक्क्याजवळच मांजरं दिसतात. ती कुठे बसतात याला कारण आहे. क्यूशू विद्यापीठाच्या संशोधकांनी याच बेटावरच्या भटक्या मांजरांचा अभ्यास केला, त्यात दिसलं की मांजरांचे गट मासळीचा टाकाऊ भाग जिथे पडतो अशा ठरावीक जागांभोवती बनतात आणि प्रत्येक गट आपल्याच जागेवर येतो. वेसाव्याला बोंबील वाळत घातले की मांजरं कुठे असतात, तोच प्रकार. त्यामुळे बेटभर शोधत फिरू नका. धक्का, मासेमारीच्या होड्या, जाळ्यांचे ढीग आणि गावातल्या अरुंद गल्ल्या एवढंच बघा. टेकडीकडे चालत गेलात तर मांजरं विरळ होत जातात. मात्र चालायची हौस असेल तर ईशान्य किनाऱ्यावर चौथ्या ते सातव्या शतकातल्या 254 दगडी कबरी आहेत. त्या बघण्यासारख्या आहेत आणि तिकडे गर्दी नसते. सासूबाईंना धक्क्याजवळ बसवून जाता येईल, स्वच्छतागृह आणि थोडंफार खायचं तिथेच मिळतं. शाकाहारी असाल तर हाकाता स्टेशनवरूनच डबा घ्या, बेटावरचं जेवण म्हणजे मासळीच.

वेळ कोणती? सकाळची दुसरी-तिसरी बोट. मांजरं पहाटे आणि सूर्य उतरल्यावर चळवळी असतात, भर दुपारी होड्यांच्या सावलीत झोपतात. पावसात जाऊ नका, सगळी घरांखाली शिरतात. एप्रिलचा मध्य उत्तम, फक्त 29 एप्रिल ते 5 मेची सुट्ट्यांची गर्दी टाळा.

ईशान्य जपानमधल्या ताशिरोजिमा या मांजरबेटाबद्दलही विचारलंय. खरं तर मांजरबेटांमध्ये इतिहास सगळ्यात दाट तिथलाच, पण ते तुमच्या उलट दिशेला आहे. टोकियोहून शिनकानसेनने सेंदाई दीड-दोन तास, सेंदाईहून इशिनोमाकी एक तास, पुढे आजिशिमा लाइनच्या बोटीने पाऊण-एक तास. फेऱ्या दिवसाला तीनच्या आसपास आणि परतीची शेवटची बोट दुपारीच. आदली रात्र सेंदाईत किंवा इशिनोमाकीत काढणं सोयीचं. समुद्र उघडा पॅसिफिक आहे, बोट लागत असेल तर गोळी अर्धा तास आधी घ्या. धक्के दोन: उत्तरेला ओदोमारी, दक्षिणेला नितोदा. मांजरं नितोदात जास्त. ओदोमारीला उतरून चालत नितोदाला या आणि तिथून परतीची बोट घ्या, म्हणजे वाटेत मांजराचं छोटं देऊळ लागतं. बेटावर पूर्वी रेशमाचे किडे पाळत, उंदरांपासून ते वाचवायला मांजरं ठेवली गेली. पुढे मोठ्या जाळ्यांची मासेमारी आली, कोळी मांजरांच्या हालचालींवरून हवामानाचा आणि मासळीचा अंदाज बांधायचे. जाळं रोवण्यासाठी दगड फोडताना एक मांजर मेलं, ते पुरलं तिथे हे देऊळ झालं असं तिथली माणसं सांगतात. कुत्रा बेटावर आणायला मनाई आहे. 2011 च्या त्सुनामीने कालवांची (शिंपल्यांची) शेती मोडली, तेव्हा बेटकऱ्यांनी मांजरांच्या नावाने लोकांकडून दहा-दहा हजार येन घेऊन मोठा निधी उभा केला. पुढच्या खेपेला ईशान्य जपान केलंत तर हे बेट नक्की घ्या.

या चर्चेत एका सदस्यांनी तैवानमधलं होउतोंग हे मांजरांचं गाव सुचवलंय. विमान ताइपेमार्गे असेल तर ते खरंच सगळ्यात सोपं. ताइपेहून रेल्वेने तासाभरात, स्टेशन गावातच, बोटीची भानगड नाही. 1990 मध्ये कोळशाची खाण बंद पडून ओस पडलेलं गाव 2009 पासून मांजरांमुळे पुन्हा नावारूपाला आलं. छत्री न्या, त्या खोऱ्यात पाऊस फार.

टोकियोतलं गोतोकुजी देऊळ यादीत ठेवलंय ते ठीक, पण मुलीला आधी सांगून ठेवा की तिथे जिवंत मांजरं बघायला जायचं नसतं. तिथे उजवा पंजा वर केलेल्या पांढऱ्या चिनीमातीच्या मांजरांच्या रांगाच्या रांगा आहेत, हातात नाणं नसलेल्या. हिकोनेचे सरदार ई नाओताका यांना मांजराने पंजा हलवून देवळात बोलावलं आणि ते वादळातून वाचले अशी कथा आहे. टोकियोतल्याच आसाकुसाचं इमादो देऊळही मानेकी-नेकोचं, म्हणजे पंजा वर केलेल्या या शुभ मांजराचं, मूळ आपलंच सांगतं, त्या वादात पडू नका. शिंजुकूहून ओदाक्यू मार्गाची लोकल घ्या, जलद गाडी गोतोकुजीला थांबत नाही. सेतागाया मार्गाचं मियानोसाका स्टेशन देवळाला अधिक जवळ. मूर्ती घ्यायची असेल तर दुपार होऊ देऊ नका, मधले आकार संपतात. प्रवेश फुकट.

मांजरांशी वागण्याबद्दल थोडं, कारण मुलगी लहान आहे. कुठल्याही बेटावर खायला घालू नका. आओशिमाला ठरावीक जागा आहे, बाकीकडे मनाईच समजा. बाहेरच्या खाण्याने मांजरं पर्यटकांच्या पायात येतात, घरांत घुसतात, उरलेल्यावर कावळे-घारी जमतात आणि निस्तरावं लागतं गावकऱ्यांना. मुलीला खाली बसवा, हात मुठीसारखा करून पुढे धरायला सांगा, मांजर स्वतः येऊन वास घेईल. आलं तर गाल आणि कानामागे हात फिरवा, पोटाला नाही. उचलायचं तर मुळीच नाही. कानाच्या टोकाला लहानशी खाच दिसली तर ती जखम नाही, नसबंदीची खूण आहे: बहुधा बोक्याच्या उजव्या कानाला, मांजरीच्या डाव्या.

डोळे चिकटलेलं, नाक वाहणारं, सुस्त पडलेलं मांजर असेल तर लांबूनच बघा. जपानमध्ये 1957 नंतर देशातल्या प्राण्यांत रेबीज नाही, त्यामुळे ती भीती नाही. पण पश्चिम जपानमध्ये गोचिडीतून पसरणारा एसएफटीएस हा विषाणू आहे आणि आजारी मांजराच्या चाव्यातून माणसाला लागण झाल्याची नोंद आहे. गवतात बसू नका, पायमोजे घाला. चावलं किंवा खोल ओरखडलं तर वाहत्या पाण्याखाली साबणाने भरपूर वेळ धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. मांजराचा दात बारीक आणि खोल जातो, वरची जखम क्षुल्लक दिसते आणि दुसऱ्या दिवशी बोट सुजतं. प्रवास विम्यात बाहेरच्या रुग्णाचा खर्च धरलाय का ते आत्ताच बघून घ्या.

भारतातून मांजरांचा खाऊ नेऊ का, असंही विचारलंय. नेऊ नका. मांस असलेला पाळीव प्राण्यांचा खाऊ जपानच्या प्राणी-विलगीकरण नियमांत येतो, तपासणीच्या प्रमाणपत्राशिवाय विमानतळावर काढून घेतात.