पेटंटच्या क्लेममधल्या (म्हणजे शोधावरचा हक्क कुठपर्यंत ते सांगणाऱ्या वाक्यांमधल्या) शब्दाचा अर्थ सरळ डिक्शनरी बघून लावला तर चालतं का?

चालतं, पण डिक्शनरीचा नंबर शेवटी लागतो. मी अमेरिकन पेटंटचं काम करते, म्हणून तिथलंच सांगते.

२००२ मध्ये टेक्सास डिजिटलच्या केसमध्ये पेटंटची अपिलं ऐकणाऱ्या तिथल्या फेडरल सर्किट कोर्टाने उलटं सांगितलेलं, की आधी डिक्शनरीतले अर्थ काढा, मग पेटंट वाचून न बसणारे गाळा. आता तुम्हीच बघा, 'पट्टी' शब्द कोशात काढला तर जखमेची, मोजायची, पेटीची काळी चार, वर घरपट्टी-पाणीपट्टी, आणि पेटंट असणार सुताराच्या एखाद्या खिटीचं! जेवढी जाड डिक्शनरी तेवढा क्लेम ऐसपैस.

मग २००५ ला फिलिप्स विरुद्ध एडब्ल्यूएच, ही केस वाचाच. तुरुंगाच्या वगैरे भिंतींसाठी स्टीलचे पॅनल आणि त्यांच्या आत 'बॅफल'. गंमत म्हणजे डिक्शनरीतला अर्थ, कशाला तरी अडवणारी वस्तू, दोघांनाही मान्यच होता, भांडण होतं की बॅफल भिंतीला काटकोनात असले तर ते बॅफल धरायचे का, कारण पेटंटमध्ये गोळ्या वळवण्याबद्दल लिहिलेलं आणि काटकोनातल्या पत्र्याने गोळी काय वळणार. कोर्टाने क्लेमच शेजारी शेजारी ठेवून वाचले. क्लेम १ मध्ये नुसते स्टीलचे बॅफल, क्लेम २ मध्ये मुद्दाम लिहिलंय की गोळ्या वळतील अशा कोनात बसवलेले. कोन जर 'बॅफल' शब्दातच असता तर क्लेम २ लिहायची गरजच काय होती? म्हणजे काटकोनातलेही चालतात. हे कुठल्या डिक्शनरीत सापडणार सांगा.

तेव्हापासून वजन आधी क्लेमला, मग स्पेसिफिकेशनला (पेटंटमधलं शोधाचं सविस्तर वर्णन), मग पेटंट ऑफिसशी झालेल्या पत्रव्यवहाराला, आणि मग डिक्शनरी आणि एक्स्पर्टच्या साक्षीला. डिक्शनरीला बंदी नाही, जज कधीही बघू शकतात, फक्त पेटंटच्या विरोधात जाणारा अर्थ त्यातून काढायचा नाही. आणि शोध लावणाऱ्याने स्पेसिफिकेशनमध्ये एखाद्या शब्दाची स्वतःची व्याख्या स्पष्ट दिली असेल तर तीच धरतात, मग कोश काही का म्हणेना.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी अख्खा क्लेम चार्ट (क्लेमच्या एकेका भागाचा तक्ता) ऑनलाइन डिक्शनरीवरून भरलेला. सीनियरने फक्त "स्पेक वाचलंस का गं?" विचारलं आणि व्याख्या दाखवली, स्पेकच्याच चौथ्या कॉलममध्ये होती, चक्क अवतरण चिन्हांत 😅

अजून एक, डिक्शनरी वापरलीच तर पेटंटचा अर्ज केला त्या काळातली आवृत्ती बघा, आजची नको.